कायमचं रिकामं पोट

बारमध्ये दारू ओतायचं माप सरकारी शिक्क्याचं असतं. तीस मिलीचं किंवा साठ मिलीचं, वैधमापन खात्याकडून तपासून घेतलेलं. गिऱ्हाइकाला दोन थेंब कमी पडू नयेत म्हणून केलेली ही सोय. ते साठ मिली ज्या पोटात जाणार त्याचं माप मात्र कुणी तपासत नाही, आणि एरवी तशी गरजही नसते. पिणारा माणूस ते माप स्वतःच शिकलेला असतो. विशीत कधीतरी, मित्रांच्या खोलीवर, उलट्या करून, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसून. ‘आपल्याला दोन झेपतात’ हे वाक्य म्हणजे दहा-वीस वर्षांच्या अशा प्रयोगांचा निष्कर्ष असतो.

वजन कमी करण्यासाठी जठरावर ऑपरेशन झालं की हा निष्कर्ष रद्द होतो. तसं पत्र मात्र कुणाला येत नाही.

ऑपरेशननंतर दारूच्या नादी लागलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक घरगुती: ‘जिभेवर ताबा असता तर पोट कापायची वेळच आली नसती, आता हे नवीन सुरू झालंय.’ दुसरं जरा शिकलेलं: ‘खाण्याचं व्यसन होतं, ते बंद झालं, म्हणून व्यसनानं दारूची वाट धरली.’ दोन्ही मतं माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात आणि दोन्ही मला उथळ वाटतात. माझं म्हणणं असं की, ऑपरेशननंतर माणूस तोच राहिला तरी त्याच्या हातातला पेग तो राहत नाही. प्रश्न आधी मापाचा आहे, संयमाचा नंतर. आणि माप बदललंय ही माहिती ज्यांनी ते बदललं त्यांच्याकडे असते, पेशंटकडे नसते. म्हणून जबाबदारीचा मोठा वाटाही त्यांच्याकडेच जातो.

हे नीट मांडायचं तर पोटाच्या आत शिरावं लागेल.

१. पचते, झेपते, चढते

मराठीत दारूची क्रियापदं मोठी बोलकी आहेत. दारू पचते, झेपते, चढते, उतरते. ‘त्याला दारू पचते’ हे कौतुकानं म्हटलं जातं, जणू ते त्याचं कर्तृत्व आहे. ‘एका घोटात चढली’ हे हसत हसत म्हटलं जातं, आणि त्या हसण्यात किंचित कीवही असते. दारूचा परिणाम ही माणसाच्या वकुबाची गोष्ट आहे, असं आपली भाषाच धरून चालते.

पण याच भाषेत अनुभवातून आलेलं शहाणपणही आहे. रिकाम्या पोटी बसू नकोस. पोटात आधी काहीतरी टाक. पाणी जास्त घाल. सावकाश घे. चखणा खात राहा. ही सूत्रं कुणा डॉक्टरनं लिहून दिलेली नाहीत, तरी ती शास्त्राला धरून आहेत. अल्कोहोल जठरात थोडंच शोषलं जातं, बरंचसं रक्तात मिसळतं ते लहान आतड्यातून. जठर आणि आतडं यांच्यामध्ये एक स्नायूचं दार असतं. पोटात अन्न असेल तर ते दार पुष्कळ वेळ मिटलेलं राहतं, अधूनमधून किलकिलं होतं आणि थोडं थोडं पुढे सोडतं. तिकडे लिव्हर आपल्या ठरलेल्या गतीनं अल्कोहोल निकालात काढत असतं, साधारण तासाला सात ते दहा ग्रॅम. घाई केली म्हणून ही गती वाढत नाही. त्यामुळे सगळा खेळ येण्याच्या वेगाचा. हळूहळू आलं तर लिव्हर निभावून नेतं, एकदम आलं तर उरलेलं रक्तातून डोक्याकडे जातं.

म्हणजे ज्याला आपण ‘पचवणं’ म्हणतो त्यातला मोठा हिस्सा जठराच्या त्या दाराचा असतो. त्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो, इतकंच.

२. दार काढलेली खोली

आता ऑपरेशन काय करतं ते पाहू. त्याचे मुख्य प्रकार दोन, बायपास आणि स्लीव्ह. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलीची, म्हणजे एका स्मॉल पेगएवढी, पिशवी वेगळी काढतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आणि ते दार अन्नाच्या वाटेतून बाद होतं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून जास्त भाग कापून काढून टाकतात आणि मागे केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. इथे दार जागेवर असतं, पण मागे साठवणच नसल्यामुळे पातळ पदार्थ पटकन खाली उतरतो. भारतात जास्त होतं ते स्लीव्हचं ऑपरेशन. त्यामुळे आपल्याकडचा प्रश्न मुख्यतः या नळीचा आहे.

जठराच्या अस्तरात अल्कोहोल मोडणारं एक एन्झाइम असतं आणि ऑपरेशनमुळे ते कमी पडतं, हे कारण बरेचदा पहिलं सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण त्याला फार वजन देऊ नये. खरा फरक वेगाचा आहे. पूर्वी एकेक माणूस आत सोडणारा दरवान होता, आता बायपासमध्ये खोलीला दारच नाही आणि स्लीव्हमध्ये दार असूनही ते फारसं अडवत नाही.

लोकशहाणपणाची वरची सूत्रं आता एकेक करून तपासा. पोटात आधी काहीतरी टाक? चार घासांत पोट भरतं, आणि जेवण व पातळ पदार्थ यांच्यामध्ये अर्धा तास तरी ठेवा हे डॉक्टरांनीच बजावलेलं असतं. चखणा? तळलेले शेंगदाणे आणि तंदुरी समोर असतात, पण दोन तुकड्यांनंतर नको होतं. पाणी जास्त घाल? प्रमाण पातळ होतं, पण ते पाणीही तितक्याच लवकर खाली जातं, आणि सोडा घातला तर वर पोट फुगून त्रास. उरतं एक सूत्र, सावकाश घे. ते एकट्यानं किती सांभाळणार?

या माणसाला भरलं पोट ही अवस्थाच राहिलेली नाही. तो जेवून बसला तरी दारूच्या दृष्टीनं उपाशीच असतो. आपल्याकडे पिण्याचे जेवढे म्हणून सुरक्षेचे रिवाज आहेत ते सगळे मोठ्या, भरता येणाऱ्या जठरासाठी घडलेले आहेत. त्या रिवाजांवर विसंबून जो ऑपरेशननंतर पहिल्यांदा गटारीला किंवा एखाद्या लग्नाच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर बसतो, तो बेफिकीर असतो असं नाही. तो शिकलेलं सगळं नीट पाळत असतो.

३. एक ग्लास वाइन, दोन आकडे

वरचं सगळं तर्कानं सांगितलं. मोजमाप काय म्हणतं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बायपासच्या १९ पेशंटांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तेवढीच रेड वाइन, सुमारे १५० मिली, पाजून श्वासातून अल्कोहोल मोजलं. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. ऑपरेशनआधी रक्तातलं सर्वाधिक प्रमाण सरासरी १०० मिलीमागे २४ मिलिग्रॅम होतं. सहा महिन्यांनी तीच माणसं, तोच ग्लास आणि प्रमाण ८८. पूर्ण उतरायला आधी ४९ मिनिटं लागत होती, नंतर ८८ लागली.

या आकड्यांशेजारी आपला मोटार वाहन कायदा ठेवा. कलम १८५ प्रमाणे गाडी चालवताना मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ऑपरेशनआधी एक ग्लास वाइन घेऊन गाडी काढणारा माणूस, शहाणपणाचं राहू द्या, कायद्याच्या आत होता. ऑपरेशननंतर तोच माणूस तेवढीच वाइन घेऊन मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. त्याच्या हातून वेगळं काहीच घडलेलं नाही.

आणि आपल्याकडे कोण दीडशे मिली वाइनवर थांबतं? आपला लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा, साठ मिली. हिशेब केला तर त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं, त्या वाइनच्या ग्लासपेक्षा जास्त. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅमच्या आसपास, दोन लार्ज पेगांइतकी. लिव्हरच्या तासाला सात-दहा ग्रॅमशी याची तुलना वाचणाऱ्यानंच करावी.

इथे एक शंका वाजवी आहे. वजन पन्नास किलोनं उतरल्यावर अंगात रक्तपाणीही कमी, तेव्हा दारू जास्त चढणारच, यात ऑपरेशनचा काय दोष? काही अंशी हे बरोबर आहे. पण सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी, ज्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, बायपास झालेल्या आणि बायपासची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना अल्कोहोल देताना प्रत्येकीचं चरबी वगळून उरलेलं वजन धरूनच प्रमाण ठरवलं होतं. तरीही बायपास झालेल्यांच्या रक्तातलं शिखर जवळपास दुप्पट निघालं, आणि तेही काही मिनिटांतच. दोन ड्रिंक घेऊन चार घेतल्यासारखं.

स्लीव्हबद्दल बराच काळ गैरसमज होता. सुरुवातीच्या काही अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही, म्हणून ते ऑपरेशन या बाबतीत निर्धोक मानलं गेलं. मग २०१८ मध्ये त्याच सेंट लुइसच्या गटानं श्वासाऐवजी थेट रक्त तपासलं, आणि स्लीव्हचं शिखरही बायपासइतकंच उंच निघालं. श्वासाच्या यंत्रानं मोजायचं तर तोंडातली दारू जाईपर्यंत पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि खरं शिखर तेवढ्यात येऊन गेलेलं असतं. शिवाय यंत्राचा आकडा रक्तातल्या प्रमाणापेक्षा पाव हिश्श्याहून थोडा जास्तच कमी येत होता. चुकीच्या हत्यारानं मोजल्यामुळे वर्षानुवर्षं ‘धोका नाही’ असं मानलं गेलं. मला ही गोष्ट या सगळ्या विषयाचा नमुना वाटते. आपण पाहतो ते धिम्या दारूसाठी बनवलेल्या चष्म्यातून.

४. व्यसनाची बदली

आता त्या शिकलेल्या मताकडे येऊ. एखाद्या तलाठ्याची बदली व्हावी तशी व्यसनाची बदली होते, असा हा सिद्धांत. अमेरिकेत २००६ च्या सुमारास ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमातून तो घरोघर पोचला आणि तिथून आपल्याकडे. ऐकायला तो इतका पटतो की तपासावासाच वाटत नाही. माणूस दुःखी होता, दुःख खाण्यात बुडवत होता, आता ते दारूत बुडवतो. गोष्ट संपली.

तपासल्यावर मात्र ती तीन जागी अडखळते.

पहिली जागा ऑपरेशनच्या प्रकाराची. जठराभोवती नुसता पट्टा आवळायचा, आत काही कापायचं-जोडायचं नाही, असंही एक ऑपरेशन पूर्वी बरंच होई. व्यसन मनात असतं आणि ते फक्त जागा बदलतं, तर पट्टावाले आणि बायपासवाले दोघांतही ते सारखंच बदलायला हवं. तसं होत नाही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासात, ऑपरेशनआधीच्या वर्षात दारूचा त्रास नसलेल्या बायपासच्या पेशंटांपैकी २०.८ टक्क्यांत पाच वर्षांच्या आत अशी लक्षणं नव्यानं दिसली. पट्ट्याच्या पेशंटांत ती ११.३ टक्क्यांत दिसली. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातही बायपास झालेल्यांत दारूच्या विकाराचं निदान, ऑपरेशन न झालेल्या तुलनागटापेक्षा कितीतरी जास्त आढळलं, पट्टावाल्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. पट्ट्यानं वजनही कमी उतरतं, आयुष्यही कमी बदलतं, हा मुद्दा मला मान्य आहे. पण मग कारण निदान ‘दबलेलं व्यसन’ राहत नाही.

दुसरी जागा काळाची. खाणं तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून सुटतं. बदलीचा हुकूम खरा असता तर व्यसन पहिल्या महिन्यातच नव्या जागी रुजू झालं असतं. प्रत्यक्षात पहिलं वर्ष शांत जातं. याबद्दल पुढे.

तिसरी जागा उंदरांची, आणि ती मला सगळ्यांत विचार करायला लावणारी वाटते. बायपास केलेले लठ्ठ उंदीर, ऑपरेशनचं नुसतं नाटक केलेल्या उंदरांपेक्षा जास्त अल्कोहोल घेतात हे प्रयोगांत दिसलं. पण त्यातल्या एका प्रयोगात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, उंदीर दारू पीतच नव्हते. कळ दाबली की ती थेट शिरेतून मिळे. पोटाचा, दाराचा, वेगाचा काही संबंध नाही, तरी बायपासवाले उंदीर कळ जास्त वेळा दाबत होते. उंदराला बालपणीचं दुःख नसतं. आरशासमोरचा न्यूनगंड नसतो, लग्नाच्या बाजारात नकार आलेले नसतात. तरीही त्याच्या मेंदूतला हवेपणाचा हिशेब पोटावरच्या कात्रीनं बदलला.

म्हणजे माप दोन ठिकाणी बदलतं. एक रक्तात, दुसरं डोक्यात. आणि ही दोन्ही एकमेकांना बळ देतात, कारण कुठलीही नशा जितक्या वेगानं चढते तितकी ती पुन्हा हवीशी वाटते. म्हणून तर तेच औषध गोळीतून घेण्यापेक्षा सुईतून घेणारा लवकर अडकतो. ऑपरेशननं व्हिस्कीला थोडीशी सुई करून ठेवलं आहे.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. जीएलपी-१ नावाचं आतड्यातलं संप्रेरक बायपासनंतर जेवणामागून जास्त स्रवतं. सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन त्याच संप्रेरकाची नक्कल करतं, आणि ते दिल्यावर दारूची ओढ कमी होते असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४८ जणांवरच्या एका छोट्या चाचणीत दिसलं. एकाच संप्रेरकाच्या घरातून दोन उलटे निकाल! पण ‘ज्यांना खाण्याचा मोह आवरत नाही त्यांना दारूचाही आवरत नाही’ या सरळसोट म्हणीला यातून फटकाच बसतो. मोह एकजिनसी असता तर औषध आणि कात्री यांची दिशा एक असती.

५. दुसरं वर्ष

वर उल्लेखलेल्या, दहा रुग्णालयांतल्या अमेरिकी अभ्यासाचे २०१२ मध्ये आलेले पहिले आकडे असे: ऑपरेशनआधीच्या वर्षात दारूच्या विकाराची लक्षणं ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३, दुसऱ्या वर्षी ९.६. वरवर पाहिलं तर किरकोळ चढउतार. पण तो चढ कधी सुरू होतो ते पाहा.

पहिलं वर्ष हे हॉस्पिटलचं वर्ष असतं. प्रोटीनची पावडर, आहारतज्ज्ञाचे फोन, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, वजनकाट्यावरचा उत्सव. माणूस भीतीत आणि आनंदात असतो, आणि दोन्हीत दारू सुचत नाही. दीड वर्षाच्या सुमारास वजन उतरणं थांबतं. फोन विरळ होतात. कपाटात नवे कपडे आलेले असतात, ते घालून जायची ठिकाणं आलेली असतात. पूर्वी जो लग्नात खुर्ची शोधून कोपऱ्यात बसायचा तो आता गच्चीवरच्या घोळक्यात उभा असतो, आणि घोळक्यात ग्लास असतो. यात दुःख बुडवणं कुठे आहे? इथे सुख साजरं होतंय.

आणि सल्ला काय मिळालेला असतो? ‘सहा महिने दारूला हात लावायचा नाही.’ पेशंट हे वाक्य ‘सहा महिन्यांनी चालेल’ असं ऐकतो, आणि मराठी व्याकरणाप्रमाणे त्याचं ऐकणं बरोबरच आहे. टाके भरून यायला सहा महिने पुरत असतील, पण गेलेलं दार किंवा गेलेली साठवण परत येत नाही. मुदत घालून दिलेली सूचना शरीरातला बदलही मुदतीचा असल्याचा भास करून देते. देखरेख संपते तेव्हाच धोका सुरू होतो, यापेक्षा वाईट वेळापत्रक आखायचं म्हटलं तरी जमणार नाही.

६. केसपेपरवरचा ‘ऑकेजनल’

ऑपरेशनला कोण पात्र हे आपल्याकडे आकड्यांत ठरतं. विम्याच्या नियमांत बीएमआय ४०, किंवा गंभीर आजार सोबत असतील तर ३५, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दारूच्या रकान्यात मात्र एकच शब्द: ऑकेजनल. हा शब्द कुठल्याही ओपीडीत ऐकावा. डॉक्टर विचारतात, “घेता का?” बायको शेजारी बसलेली असते. “नाही हो, कधीतरी.” लिहिलं, ऑकेजनल. दर शनिवार हाही कधीतरीच असतो आणि वर्षातून एक थर्टीफर्स्टही कधीतरीच.

बाईला तर तोही शब्द उपलब्ध नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे १८.८ टक्के आणि स्त्रियांत १.३ टक्के निघाले. खेड्यापाड्यांसकट सगळा देश धरला तर हे खरं असेलही. पण पुण्या-मुंबईत या ऑपरेशनसाठी येणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, ऑफिसच्या पार्टीत वाइन घेणाऱ्या बाईला सासूसमोर हा प्रश्न विचारला तर उत्तर आधीच ठरलेलं आहे. तिनं ‘नाही’ म्हटलं की समुपदेशनाचा तो कागद बाजूला पडतो. तिला कुणी काही सांगतच नाही, कारण कागदोपत्री ती पीत नाही.

चांगली प्रश्नावली वापरली तरी अडचण संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची यादी जगभर चालते. त्यात किती ग्लास, किती वेळा, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा, असे प्रश्न आहेत. हे ग्लास शाबूत जठराचे आहेत. ज्याच्या रक्तात दोनाचे चार होतात तो तीन घेऊन उठला तर यादी म्हणणार, ठीक आहे. बारमधल्या मापाला शिक्का असतो तसा या यादीलाही आहे, पण तो दुसऱ्याच पोटासाठी मारलेला.

महाराष्ट्रात तर दारू पिण्याचा परवानाच कायद्याच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. त्यावरून विनोद पुष्कळ झालेत, मी भर घालत नाही.

७. तीन हरकती

‘एवढं कशाला सांगायचं? अजिबात पिऊ नका म्हणा, विषय संपला.’ वैद्यकीय दृष्टीनं अजिबात न पिणं हेच सर्वांत चांगलं, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद कारण न देता सोडलेल्या हुकुमाशी आहे. हुकूम भीतीवर चालतो, आणि भीती पहिल्या पेगपर्यंतच टिकते. ‘पिऊ नका’ एवढंच ऐकलेला माणूस एक दिवस अर्धा पेग घेतो, काही बिघडत नाही, आणि डॉक्टर उगाच घाबरवत होते असं ठरवून मोकळा होतो. ‘तुमचा एक आता दोन आहे, आणि तो पाच-दहा मिनिटांत चढतो’ हे ऐकलेला माणूस घेतलीच तर निदान गाडीची किल्ली दुसऱ्याकडे देतो. कारण समजलेल्या माणसाला नियम वाकवताना तो कुठे वाकवतोय हे तरी कळतं.

‘असं सांगितलं तर लोक ऑपरेशनच करणार नाहीत.’ ही हरकत मला जरा अपमानकारक वाटते, पेशंटच्या बुद्धीचा अपमान. वर आलेल्या त्याच स्वीडिश अभ्यासानं २००७ मध्ये दाखवून दिलं की ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण तुलनागटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी राहिलं. मधुमेह आटोक्यात येतो, गुडघे सुटतात, झोपेत घोरून श्वास अडकणं थांबतं. फायद्याचा पर्वत एवढा उभा असताना त्याच्या पायथ्याचा खड्डा दाखवल्यानं कुणी डोंगर चढायचं सोडत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आपण मांडी घालून बसता येणार नाही हे सांगतोच की.

‘पाचातल्या चारांना तर काहीच होत नाही.’ ही सगळ्यांत तगडी हरकत, आणि आकडा खरा आहे. पण तो व्यसनाचा आकडा आहे. पहिल्याच पेगनंतर स्टिअरिंगवर बसण्यासाठी व्यसनी असावं लागत नाही. जठराला जोड दिलेल्या जागी अल्सर होण्यासाठीही नाही. या हरकतीच्या पोटात पुन्हा तेच गृहीत दडलेलं आहे की दारूचा प्रश्न म्हणजे दारुड्यांचा प्रश्न.

८. झोकांड्या

स्वभावाकडे बोट दाखवण्याची किंमत कुठे मोजावी लागते, त्याचं एक उदाहरण देतो.

या ऑपरेशननंतर बी-१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, विशेषतः उलट्या होत असतील तर, आणि दारूनं ते आणखी घटतं. फार घटलं की माणूस झोकांड्या देतो, बरळतो, नजर एका जागी ठरत नाही. बायपासच्या काही पेशंटांची साखर जेवणानंतर एकदम उतरते, तेव्हाही तो असाच अडखळतो, घामाघूम होतो, विसंगत बोलतो. दारात उभ्या असलेल्या घरच्या माणसांना काय दिसतं? प्यायलाय. त्यातून परवा भावाच्या हळदीला त्यानं एक घेतलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून दिवा घालवला जातो.

साखर उतरली असेल तर हातात रात्रभराचा वेळ नसतो. बी-१ घटलं असेल तर काही दिवसांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्तीच जाऊ शकते. कॅज्युअल्टीत नेलं तरी तिथला तरुण डॉक्टर वास घेतो, ‘दारू’ लिहितो आणि ग्लुकोजची बाटली लावतो, जी बी-१ न देता नुसतीच चढवली तर मेंदूवरचा ताण वाढू शकतो. साखर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, पण त्याच्या आधी किंवा सोबत लागतं ते बी-१चं इंजेक्शन, स्वस्तातलं. ते मिळायचं तर त्या खोलीत कुणाला तरी ‘किती प्यायला?’ याच्या आधी ‘पोटाचं ऑपरेशन झालंय का?’ हे विचारायला सुचलं पाहिजे, आणि बायकोच्या पर्समधल्या डिस्चार्ज कार्डावर ‘धूम्रपान व मद्यपान टाळावे’ या छापील ओळीपेक्षा आणखी चार ओळी लिहिलेल्या असल्या पाहिजेत.